गवत कोण पचवतं? गाय की तिच्या पोटातले सूक्ष्मजीव?



रवंथ करणारे प्राणी शिकवताना आपण चार कप्पे फळ्यावर लिहितो : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. मुलं पाठही करतात. पण मुख्य प्रश्न राहूनच जातो. आपल्याला गवत पचत नाही, मग गाईला कसं पचतं?

खरं तर गाईलाही ते एकटीला पचत नाही! गवताच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं. ते तोडणारा पाचकरस गाईचं शरीर तयार करत नाही. हे काम कोटीपोटातले जीवाणू, आदिजीव आणि बुरशी करतात. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरहून जास्त मावतं. तिथे सुमारे ३९ अंश सेल्सिअसची ऊब असते, प्राणवायू मात्र जवळजवळ नसतो.

पचनाचे टप्पे असे सांगा :

१. गाय चारा भराभर गिळते.
२. निवांत बसली की घास तोंडात परत आणून चघळते. चारा बारीक होतो, लाळ मिसळते. ही लाळ पोटातली आम्लता आटोक्यात ठेवते.
३. सूक्ष्मजीव चारा आंबवतात. त्यातून बनलेली आम्लं कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात. गाईला बहुतेक ऊर्जा यातूनच मिळते. वायू ढेकरेवाटे बाहेर पडतो.
४. पुढे सूक्ष्मजीवही पचतात आणि गाईला प्रथिनं मिळतात.

कोवळं गवत लवकर पचतं. कडब्यात लिग्निन जास्त, म्हणून त्याला वेळ लागतो.

आता महत्त्वाचं. लग्नातला किंवा शाळेतला उरलेला भात, पोळ्या आपण पुण्य म्हणून गाईपुढे ओततो. एकदम खूप स्टार्च पोटात गेला की तो झपाट्याने आंबतो, लॅक्टिक आम्ल वाढतं आणि चारा पचवणारे जीवाणू मरतात. रवंथ थांबतं. वेळेत उपचार झाले नाहीत तर गाय दगावते. उपाशी पोटी भरपूर कोवळा लसूणघास दिला तर फेस होऊन वायू अडकतो, डावी भकाळी फुगते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकांना बोलवावं. नवा चारा आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्यावा.

उपक्रम : बसलेल्या गाईचं किंवा शेळीचं लांबून निरीक्षण करा. एक घास ती किती वेळा चघळते, ते मुलांना मोजून वहीत लिहायला सांगा. आणि घरी एक निरोप द्यायला सांगा : गाईला प्रेमाने द्या, पण तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांना सोसेल तेवढंच द्या.