सूचना वाचताक्षणी कळावी

प्रश्न : आमच्या मंडळाच्या आरोग्य शिबिराची मराठी सूचना मी लिहितो. इथली मुलं हिंदी-इंग्रजी माध्यमात शिकलेली. त्यांना ती नीट कळत नाही. सोपं लिहिलं तर भाषा उतरते, असं ज्येष्ठ म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, सेक्टर ६, भिलाई

उत्तर : मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. वाक्य लांबलं की काय करायचं, हे कळायला शेवटपर्यंत थांबावं लागतं. म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट सांगा.

‘मधुमेह तपासणीकरिता इच्छुक सभासदांनी उपाशीपोटी उपस्थित राहणे आवश्यक असून तत्पूर्वी नावनोंदणी करण्यात यावी’ याऐवजी लिहा : ‘साखर तपासायची आहे? आधी नाव नोंदवा. सकाळी काही न खाता या.’ तारीख, वेळ, जागा सर्वांत वर, वेगळ्या ओळींत द्या.

सगळेच संस्कृत शब्द गाळू नका. ‘उपस्थित’, ‘आवश्यक’ हिंदीतही आहेत. तुमच्या मुलांना ते कळतात. अडतात ती लांबलचक जोडवाक्यं.

आता ज्येष्ठांचा आक्षेप. महानुभाव पंथाचे आचार्य नागदेव यांनी संस्कृत पंडित केशिराजांना मराठीतच लिहायला सांगितलं. सामान्य स्त्रिया ज्ञानाला मुकू नयेत, हे त्यामागचं कारण. त्याने मराठी उतरली नाही, ग्रंथांची भाषा झाली.

छापण्याआधी सूचना शाळकरी मुलाला वाचायला द्या. कधी, कुठे, काय करून यायचं, हे त्याला सांगता आलं नाही, तर वाक्य बदला.