सवय होईल ओ काकू

झोपेत श्वास अडू नये म्हणून लावतात ते सीपॅप यंत्र विकणाऱ्या माणसाने मला जे काही सांगितलं, त्यातलं एकच वाक्य डोक्यात बसलंय. मास्क नाकाच्या दांड्यावर रुततो म्हटलं, "सवय होईल ओ काकू." घामाने मास्क सरकतो म्हटलं, "सवय होईल." नळीतून गरम वाफेसारखी हवा येते, जीव घाबरतो म्हटलं, तर हसून तेच. मी मार्चमध्ये यंत्र घेतलं. सोलापुरात मार्चनंतर काय येतं हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तो इथलाच.

मला यंत्र का लागतं हे सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी ते आहे त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरी नाही ते "घोरते म्हणून एवढं?" असंच म्हणणार. झोपेच्या तपासणीत माझा आकडा तासाला ३४ आला होता, म्हणजे तासाला चौतीस वेळा श्वास अडतो किंवा अर्धवट होतो. तिसाच्या वर गंभीर धरतात. पाळी गेल्यानंतर बायकांत हा त्रास वाढतो, पण बाई घोरते हे घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, त्यामुळे तपासणीही उशिरा होते. २०२२ साली संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी झोपेत श्वास अडण्याच्या याच आजाराचं नाव घेतलं होतं. घोरण्याला हसणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.

त्याच्या दुकानात एसी होता. खुर्चीत बसवून, चेहऱ्याला एक प्लास्टिकची पट्टी लावून त्याने माप घेतलं, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क चढवला, पट्टे ओढले आणि "परफेक्ट" म्हणाला. "आडवं होऊन बघू का?" असं मी विचारलं. "काही गरज नाही." अंबाड्यावर मागचा पट्टा बसत नाही, केसांना तेल असतं, रात्री तो घसरणार, हेही मी तिथल्या तिथे सांगितलं. तो तेव्हा बिल फाडत होता.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, वरच्या मजल्यावर. एप्रिलमध्ये दिवसभर ४२-४३ अंशांत तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो. पंखा तीच गरम हवा फिरवतो. अशा खोलीत मास्कची सिलिकॉनची गादी घामावर तरंगते. आधी गालापाशी फुस्स होतं, मग हवा थेट डोळ्यात जाते, डोळे कोरडे पडतात. फोन केला की उत्तर एकच, पट्टे घट्ट करा. घट्ट केले. आठवड्याभरात नाकाच्या दांड्यावर जखम, हनुवटीखाली घामोळ्या. पुन्हा फोन केला तर म्हणाला, "काकू, तुमची स्किन जरा नाजूक आहे." छोटा, फक्त नाकपुड्यांना लागणारा मास्क बदलून मागितला, तर उघडलेला मास्क परत घेत नाहीत म्हणे. हे त्याने विकताना सांगितलं नव्हतं, बिलावरही नव्हतं.

आणि मग तो जे बोलला त्याचा राग अजून गेलेला नाही. "उन्हाळाभर बंद ठेवा, पाऊस पडला की परत चालू करा." रक्तदाबाची गोळी कोणी असं सांगेल का? मी दोन-तीन रात्री यंत्राशिवाय काढल्या आणि दुपारी भाजी निवडता निवडता डोळा लागायला लागला, सकाळी डोकं जड. स्वयंपाकघरात गॅससमोर उभं राहणाऱ्या बाईला, गाडी चालवणाऱ्या माणसाला असा सल्ला द्यायला हिंमत लागते.

मेच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेअकराला मी पलंगावर बसून यंत्राच्या पिशवीतली पुस्तिका काढली. जाड, बारीक इंग्रजी अक्षरांची. यंत्र दाखवताना त्याने ती उघडलीसुद्धा नव्हती. शेवटच्या पानांवर तांत्रिक माहितीचा तक्ता होता आणि त्यात एक ओळ: वापरण्याचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस. समोर भिंतीवर तापमान दाखवणारं घड्याळ आहे. त्यावर ३७ होते. साडेअकरा वाजता, पंखा चालू, खिडक्या उघड्या, आणि ३७. मी ती ओळ पुन्हा वाचली, पुन्हा घड्याळाकडे बघितलं. दीड महिना मला नाजूक म्हणून ऐकावं लागत होतं आणि यंत्र ज्याने बनवलं त्यानेच लिहून ठेवलं होतं की एवढ्या उष्णतेत ते वापरायचं नाही.

कारण समजून घेणं अवघड नाही. १९८१ साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत जगापुढे मांडली तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती. आजचं यंत्र लहान आणि शांत आहे, पण काम तेच: खोलीतली हवा ओढायची आणि दाबाने नाकात सोडायची. ते हवा थंड करत नाही. उलट मोटरमधून जाताना ती खोलीपेक्षा थोडी गरमच होते. काही यंत्रांच्या पुस्तिकेत तर स्पष्ट इशारा आहे की खोली ३५ च्या वर असेल तर नळीतली हवा ४३ अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि श्वासनलिकेला इजा होऊ शकते. म्हणजे मला जे "वाफेसारखं" वाटत होतं ते मनाचे खेळ नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याला ती ओळ फोनवर वाचून दाखवली. "कंपनी लिहितेच ओ तसं. सोलापुरात सगळे वापरतात." मी पुढे काही बोलले नाही. यंत्रातलं नोंदींचं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ते संगणकाला लावलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. हवेच्या गळतीची रेघ मार्चमध्ये खाली, सपाट. एप्रिल चढला तशी तीही चढलेली. आमच्या यंत्रात मिनिटाला २४ लिटरपर्यंत गळती चालते. माझी गळती रात्र-रात्र त्याच्या वर होती. डॉक्टर म्हणाले, "यात तुमचं काही चुकलेलं नाही, मास्कच बसत नाही." हे वाक्य मी घरी येऊन ह्यांना, मुलाला, सुनेला, सगळ्यांना सांगितलं. घरातही "तू नीट लावत नसशील" असं बरंच ऐकलं होतं.

आता जे मला उशिरा आणि स्वतःच्या धडपडीने कळलं, ते सांगते.

मास्कच्या आधी खोलीचं बघा. झोपायच्या वेळी यंत्राशेजारी तापमापक ठेवा. ३५ च्या खाली आणायचंच आहे. एसी असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर सोलापूरच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो, मुंबईत करणार नाही. पण समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर तासाभरात खोली दमट होते. यंत्र कूलरच्या गार झोतात ठेवायचं, मात्र त्यावर तुषार येतील इतकं जवळ नाही. कूलरचं पाणी शिळं झालं की त्याचा वास यंत्र ओढून सरळ नाकात देतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात टाकी रोज बदलणं जमत नाही हे मलाही कळतं, पण निदान वास आला की बदला. डासांची अगरबत्ती, कॉइल त्या खोलीत अजिबात नको. मच्छरदाणी लावा, नळी तिच्या कडेखालून आत घ्या.

यंत्र गादीवर, चादरीवर, इन्व्हर्टरवर ठेवू नका. कडक स्टुलावर, डोक्याच्या पातळीपेक्षा खाली, मागची हवा घेण्याची जागा भिंतीपासून मोकळी. आमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे: यंत्रमाग. सुताचे तंतू हवेत असतातच. मी फिल्टर काढून बघितला तेव्हा त्यावर करड्या लोकरीसारखा थर होता. पुस्तिकेत महिनाभराने बघा असं असलं तरी पूर्व भागात, एमआयडीसीकडे राहणाऱ्यांनी दर आठवड्याला बघावा. तुंबलेल्या फिल्टरने मोटरवर ताण येतो, आणि उन्हाळ्यात तोच नको असतो.

पाण्याच्या डबीबद्दल मला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. हिटर थंडीत लागतो. उन्हाळ्यात तो शून्यावर आणा, पण डबीत पाणी राहू द्या. आपल्याकडची मेची हवा इतकी कोरडी असते की पाणी काढूनच टाकलं तर नाक, घसा सुकून रक्त यायची पाळी येते. गरम न केलेल्या पाण्यावरून जाणारी हवा पुरेशी ओलसर होते आणि गरमही होत नाही. कूलर किंवा एसी लावून हिटर चालू ठेवला तर नळीत पाणी साचून गुडगुड होतं, ते शिंतोडे तोंडावर येतात. बर्फ टाकायचा सल्ला मला एका नातेवाइकांनी दिला. टाकू नका, डबी त्यासाठी बनवलेली नाही. पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरच्या पाण्याने डबीच्या तळाशी पांढरा थर धरतो. बॅटरीच्या दुकानातलं आणू नका, ते गाड्यांसाठी असतं. डबी सकाळी रिकामी करून धुवायची आणि रात्री ताजं पाणी भरायचं.

मास्कचं सांगायचं तर, झोपण्याआधी तोंड साबणाने धुऊन कोरडं करा. क्रीम, खोबरेल, पावडर यातलं काही मास्कखाली नको. तेलाने गादी घसरते, आणि पावडर श्वासात जाते. मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या कापून गालावरच्या पट्ट्यांखाली घालते, दोन संच, रोज धुतलेले. घाम त्या पट्ट्या पितात. मास्कची गादी रोज सकाळी सौम्य साबणाने धुते आणि सावलीत वाळवते. विकणाऱ्याचा माणूस "उन्हात टाका, जंतू मरतात" म्हणाला होता. पुस्तिकेत नेमकं उलट लिहिलंय: उन्हात वाळवू नका. सोलापूरच्या गच्चीवर मेच्या दुपारी रबर-प्लास्टिकचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहेच. बायकांनी अंबाड्याऐवजी सैल वेणी एका बाजूला घ्यावी, मागचा पट्टा मानेवर नीट बसतो. घट्ट करण्याऐवजी आडवं झाल्यावर, यंत्र चालू असताना, मास्क जरा उचलून परत टेकवा, तो आपोआप बसतो. हे मला दुकानात दोन मिनिटांत शिकवता आलं असतं.

फार उकाडा असेल तर गच्ची. आपण पूर्वीपासून झोपतोच. रात्री अकरानंतर बाहेरची हवा वरच्या मजल्यावरच्या खोलीपेक्षा बरीच उतरलेली असते. यंत्र स्टुलावर, वायर जिन्यातून नीट घेतलेली, पाय अडकणार नाही अशी. मात्र वळवाची चिन्हं असतील त्या रात्री खालीच झोपा.

वीज जाते. हिटर बंद असला की यंत्र फार कमी वीज खातं, इन्व्हर्टरवर रात्र निघते, फक्त इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा घ्या. वीज गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर मास्क लगेच काढा. अशा वेळी बाहेरची हवा आत यावी म्हणून मोठ्या मास्कला झडप असते, पण तिच्या भरवशावर झोपून राहू नका. घरातल्यांनाही हे सांगून ठेवा.

दिवसभर पाणी प्या, रात्री हलकं जेवा, हे तुम्हाला कोणीही सांगेल.

नवीन घेणार असाल तर मास्क आडवं होऊन, यंत्र चालू ठेवून, अर्धा तास तरी लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मास्क बदलून मिळेल का, किती दिवसांत, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्दाला अर्थ नाही. माझे चाळीस हजारांच्या वर गेले आणि दुसऱ्या मास्कचे वेगळे. जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून घेताना तर दहादा विचार करा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने लाखो यंत्रं परत बोलावली, कारण आतला आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची भीती होती, आणि उष्ण, दमट हवेत तो फोम लवकर खराब होऊ शकतो असं कंपनीनेच सांगितलं होतं. असं यंत्र आपल्या हवेत कुठून कुठे फिरून आलंय हे आपल्याला कसं कळणार? अनुक्रमांक तपासल्याशिवाय हात लावू नका.

कूलरच्या झोतात, हिटर शून्यावर आणि नाकपुड्यांचा छोटा मास्क लावून मी मेचा उरलेला महिना रोज यंत्र वापरलं. पुढच्या वेळी डॉक्टरांनी कार्ड बघितलं तेव्हा तासाला अडणाऱ्या श्वासांचा आकडा पाचाच्या खाली होता. पहिला मास्क त्या माणसाने अजून परत घेतलेला नाही.

सोलापूर, लातूर, विजापूर, कलबुर्गीकडे ज्यांच्या घरात कोणी हे यंत्र लावून झोपतं आणि उन्हाळा आला की काढून ठेवतं, त्यांना माझी विनंती आहे. त्या माणसाला सवयीचं काही सांगू नका. आज रात्री अकरा वाजता त्याच्या उशाशी तापमापक ठेवा आणि आकडा वाचा.