वजन वाढले, पण ताकद कुठे गेली?

आपल्याकडे कुणी अंगाने भरले की ‘तब्येत सुधारली’ असे म्हणण्याची पद्धत आहे. आजी-आजोबांच्या बाबतीत हे वाक्य फसवे ठरू शकते. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि चरबी वाढते. वजनकाटा मात्र तोच आकडा दाखवतो, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. मग जिना चढताना कठड्याचा आधार लागतो आणि एखादे दिवशी तोल जाऊन हाड मोडते.

या झिजेला १९८९ मध्ये अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव. तिच्या जोडीला लठ्ठपणा आला की संकट दुहेरी होते. ओझे वाढते आणि ते वाहणारे स्नायू दुबळे होतात.

आपण विज्ञानात शिकतो की पेशीतील तंतुकणिका प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करतात. त्या वेळी ‘मुक्त मूलके’ही तयार होतात. ती अति झाली की पेशींना इजा करतात. पोटातील जादा चरबी त्यात दाह वाढवणाऱ्या रसायनांची भर घालते. मुक्त मूलकांना आवर घालणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. पेरू-आवळ्यातील ‘क’ जीवनसत्त्व, शेंगदाण्यातील ‘ई’ जीवनसत्त्व आणि गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यांतील बीटा कॅरोटीन ही त्यांची उदाहरणे.

मग गोळ्याच घ्याव्यात का? नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९,००० पुरुषांच्या चाचणीत बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. २००९ मधील एका जर्मन प्रयोगात ‘क’ आणि ‘ई’च्या मोठ्या मात्रेने व्यायामाचा इन्सुलिनविषयक फायदाच नाहीसा झाला. थोडी मुक्त मूलके शरीराला ‘बळकट हो’ असा निरोपही देत असतात!

म्हणून अँटिऑक्सिडंट ताटातूनच मिळावेत. आपल्या हैदराबादेतील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात प्रौढाच्या रोजच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे आहेत. पण नुसत्या भाजीने स्नायू बनत नाहीत. त्यासाठी प्रथिने आणि व्यायाम हवा. ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घेण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. वरण, उसळ, दही, अंडी यांतून ती मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. वजन उतरवण्यासाठी नुसते उपास केले तर चरबीबरोबर स्नायूही जातात, हे पालकांनीही ध्यानात ठेवावे.

घरी करून पाहा : आजी-आजोबांना भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसवा. हात छातीशी घेऊन त्यांना पाच वेळा उठायला-बसायला सांगा. आपण शेजारी उभे राहा. १२ सेकंद किंवा जास्त वेळ लागला तर डॉक्टरांना दाखवावे. आणि रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जा. तेवढा गृहपाठ आपण सर्वांनी करू या.