घराभोवतालची बाग : तज्ज्ञाचा सल्ला केव्हा घ्यावा?

उज्जैन नगराच्या उत्तरेस क्षिप्रेच्या काठी वसलेले भैरवगढ़ हे कालभैरवाच्या मंदिरामुळे व सिद्धवटामुळे भाविकांना, तर लाकडी ठशांनी छापलेल्या कापडामुळे व्यापाऱ्यांना परिचित आहे. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या स्थानाची खरी ओळख म्हणजे तेथील माती होय. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली ही चिकण काळी माती माळव्यात आहे, तशीच ती विदर्भात, मराठवाड्यात व खानदेशात आहे. म्हणून भैरवगढ़च्या अंगणाविषयी जे म्हणता येईल, ते यवतमाळ किंवा परभणी जिल्ह्यातील घरमालकासही बव्हंशी लागू पडते.

घराभोवती बाग करावयाची म्हणजे रोपे आणून लावावयाची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळे उद्यानरचनाकाराला बोलावणे ही श्रीमंतांची हौस मानली जाते. ही समजूत निम्मीच खरी आहे. फुलझाडे कोणती लावावी, वाफे कोठे करावे, तुळशीवृंदावन कोणत्या बाजूस असावे, यासाठी तज्ज्ञाची गरज नसते. मोगरा एका जागी रुजला नाही तर पुढील पावसाळ्यात तो दुसरीकडे लावता येतो. परंतु जमिनीचा उतार, छपरावरील पाण्याची वाट, भराव, आधारभिंत आणि मोठे वृक्ष यांबाबत झालेली चूक अशी उपटून टाकता येत नाही. ती घराच्या पायापर्यंत पोहोचते. सल्ला घ्यावा की घेऊ नये, याचा निर्णय बागेच्या आकारावरून किंवा खर्चावरून न करता याच भेदावरून करावा.

काळ्या मातीत ही बाब इतकी महत्त्वाची का, हे समजून घेणे आवश्यक आहे. ही माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. उज्जैन भागात वर्षाकाठी सरासरी सुमारे 900 मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या काळातच पडतो. म्हणजे जमीन दरवर्षी एकदा पूर्ण भिजते व एकदा पूर्ण वाळते. घराभोवतालची सर्व माती एकसारखी भिजली व वाळली, तर हानी कमी होते. एका कोपऱ्यात पाणी साचून माती फुगली आणि दुसऱ्या कोपऱ्यातील मोठ्या झाडाने ओलावा शोषून ती आकसली, तर मात्र जोत्याचे दोन भाग वेगवेगळे हलतात व भिंतीस तिरपे तडे जातात. पुष्कळदा गवंड्याला दोष दिला जातो. वस्तुतः कारण अंगणात असते. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी, तळाशी फुगीर कंद असलेल्या खांबांचा पाया फार पूर्वीच विकसित केला. तथापि जुन्या घरांचे पाये तसे नसतात आणि त्यांचे रक्षण बाहेरूनच करावे लागते. हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. 1976 साली इंग्लंडमध्ये तीव्र अवर्षण पडले, तेव्हा लंडन परिसरातील चिकण जमिनीवरील असंख्य घरांना तडे गेले आणि घरांजवळील झाडांकडे तेथील विमा कंपन्यांचे प्रथमच गांभीर्याने लक्ष गेले.

आपली माती किती फुगते, हे पाहण्याचा प्रयोग शाळेतही करता येतो. अंगणातील माती वाळवून, बारीक कुटून वस्त्रगाळ करावी. प्रत्येकी 10 ग्रॅम माती 100 मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घालून एकात शुद्ध पाणी व दुसऱ्यात रॉकेल भरावे, ढवळून हवेचे बुडबुडे काढावेत आणि पात्रे 24 तास स्थिर ठेवावीत. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दोन्ही पात्रांतील मातीच्या घनफळांतील फरकाला रॉकेलमधील घनफळाने भागून शंभराने गुणले असता फुगण्याची टक्केवारी मिळते. रस्त्यांच्या कामात 50 टक्क्यांहून अधिक फुगणारी माती भरावास वर्ज्य मानतात. घरमालकाच्या मातीने ही मर्यादा ओलांडली, तर जोत्यालगत काहीही खणण्यापूर्वी जाणकाराला विचारणे हिताचे होय. प्रयोग ज्वालाग्राही द्रवाचा असल्याने तो शिक्षकांनीच करून दाखवावा.

पाण्याचा हिशेबही सोपा आहे. 1,000 चौरस फुटांच्या छपरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 2,300 लिटर पाणी खाली येते. पन्हळीतून हे पाणी एकाच कोपऱ्यात ओतले जात असेल, तर तेथे लावलेली केळ उत्तम वाढते आणि भिंत खचते. जोत्याभोवती फरसबंदी असावी व पहिल्या 10 फुटांत जमिनीस बाहेरच्या बाजूला सुमारे 6 इंच उतार असावा. प्लॉट सपाट असून रस्ता अंगणापेक्षा खाली असेल, तर एवढे काम गावचा अनुभवी गवंडीही पाणसळ लावून करील. उलट रस्ताच अंगणाहून उंच झाला असेल, शेजाऱ्याचे पाणी आपल्याकडे येत असेल किंवा पाणी सोडण्यास जागाच नसेल, तर मोजणी करून आराखडा काढणारा माणूस हवा. शोषखड्डा हा अशा वेळी सर्वांना सुचणारा उपाय. पण चिकण मातीत तो पायाजवळ खणला तर उपायापेक्षा अपायच अधिक.

पाण्याला वाट देऊन त्यातूनच शोभा कशी निर्माण करावी, याचे जुने उदाहरण उज्जैनजवळच आहे. माळव्याच्या सुलतानांच्या काळातील कालियादेह महालाभोवती क्षिप्रेचे पाणी दगडी कुंडांतून व चरांतून खेळविलेले आहे. 1920 मध्ये माधवराव शिंदे यांनी या महालाचा जीर्णोद्धार करविला. तेथे प्रथम पाण्याचा विचार झाला व नंतर शोभेचा. हल्लीच्या अंगणात हा क्रम नेमका उलटा दिसतो.

मोठ्या वृक्षांबाबत अधिक दक्षता हवी. सिद्धवटासारखा वृक्ष नदीकाठी मोकळ्या जागेत शोभतो. वड, पिंपळ, उंबर यांना घराच्या भिंतीजवळ स्थान नाही. पूर्ण वाढलेल्या झाडाची जेवढी उंची होईल, निदान तेवढे अंतर घरापासून ठेवावे, हा चिकण जमिनीतील सुरक्षित नियम होय. लहान प्लॉटवर तो पाळता येत नाही. म्हणून तेथे कढीपत्ता, लिंबू, पारिजातक, जास्वंद यांवर समाधान मानावे. जुने झाड घराजवळ आधीच उभे असेल, तर ते घाईने तोडणे हीदेखील चूक ठरते. अनेक वर्षे झाडाने शोषून कोरडी ठेवलेली माती झाड गेल्यावर हळूहळू भिजून फुगते व पाया वर उचलला जातो. येथे तज्ज्ञाचा सल्ला अनिवार्य समजावा. शिवाय नागरी क्षेत्रात वृक्षतोडीस पूर्वपरवानगी लागते. त्यासाठी मध्य प्रदेशात 2001 चा व महाराष्ट्रात 1975 चा अधिनियम आहे.

भैरवगढ़ला आणखी एक स्थानिक प्रश्न आहे. ज्या घरांत कापड रंगविण्याचे काम चालते, तेथील सांडपाण्यात मीठ, कॉस्टिक सोडा व रंगद्रव्ये असतात. हे पाणी परसात सोडल्यास मातीतील सोडियम वाढतो, ती घट्ट होते व तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही. अशा परसात झाडे का जगत नाहीत, हे नर्सरीवाल्याला विचारून उपयोग नाही. प्रथम माती तपासून घ्यावी. कृषी विज्ञान केंद्रात याविषयी मार्गदर्शन मिळू शकते.

हिरवळीची हौस अनेकांना असते. उन्हाळ्यात हिरवळीस दररोज केवळ 5 मिलिमीटर पाणी धरले, तरी 1,000 चौरस फुटांस सुमारे 460 लिटर पाणी लागते. ज्या क्षिप्रेला 2014 पासून नर्मदेचे पाणी आणून द्यावे लागले, तिच्या काठी ही चैन परवडणारी नाही. ती करू नये असे सांगण्यासाठी तज्ज्ञ नको.

आता, बोलवावयाचे तर कोणाला? माळी रोपांची निगा जाणतो. नर्सरीवाला अनेकदा आराखडा फुकट देतो. मात्र त्याची प्राप्ती रोपांवर असल्याने त्याच्या आराखड्यात रोपे जास्त असणे स्वाभाविक आहे. उतार, भिंती व निचरा यांसाठी लँडस्केप आर्किटेक्ट किंवा स्थापत्य अभियंता हवा. वास्तुविशारदांची नोंदणी 1972 च्या अधिनियमानुसार होते, परंतु ‘उद्यानरचनाकार’ अशी पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून त्याने केलेले काम निदान एक पावसाळा उलटून गेल्यानंतर प्रत्यक्ष पाहावे. तेथील घरमालकास पाणी कोठे साचते एवढेच विचारले, तरी पुष्कळ कळते. संपूर्ण बागेचा ठेका देण्याची घाई करू नये. एका भेटीचे शुल्क ठरवून उतारांचा व निचऱ्याचा नकाशा तेवढा करून घ्यावा आणि लागवड घरच्या माणसांनी सवडीने करावी. कित्येक कुटुंबांना एवढ्याच मदतीची गरज असते.

सल्ल्याची योग्य वेळ बांधकाम संपल्यावरची नव्हे. मलटाकी, नळ व गटारे यांच्या जागा ठरण्यापूर्वी एकदा आणि तयार घर असेल तर पहिल्या मोठ्या पावसात एकदा, अंगणाची पाहणी व्हावी. पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराभोवती फेरी मारावी, पाणी कोठून येते, कोठे थांबते व किती वेळाने मुरते हे कागदावर काढून ठेवावे. भिंतीवर तडा असल्यास त्याच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. उन्हाळ्यात व पावसाळ्यात अशा दोन नोंदी हाती असल्या, तर येणाऱ्या तज्ज्ञाचे निम्मे काम झालेले असते व त्याच्या एका भेटीत भागते.