मोफत प्रणालीचा मुतवल्ली कोण?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल बंद केली. पुढे वर्षभराची जादा सोय ठेवली, पण ती मुदतीचीच. तेव्हापासून ज्याच्या गल्ल्याशेजारी आठ-दहा वर्षांचा संगणक आहे, त्याला दोन सल्ले ऐकू येतात. एक म्हणतो, हा डबा भंगारात घाला, नवी विंडोज यावर चालणार नाही. दुसरा म्हणतो, लिनक्स टाका, फुकट आहे. अंतरवाली सराटीच्या आमच्या कापड दुकानात आम्ही दुसरा सल्ला मानला आणि त्याचा पस्तावा नाही. मात्र ‘फुकट आहे’ एवढेच ऐकून जो पुढे जाईल तो अडचणीत येईल. फुकट मालाचीही कोणीतरी राखण करीत असतो. तो कोण, राखण कशी करतो, किती वर्षे करणार आणि त्यात आपला वाटा कोणता, हा आजच्या धड्याचा विषय आहे.

लिनक्स हे खरे पाहता प्रणालीच्या गाभ्याचे नाव. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहिला. नुसता गाभा दुकानदाराच्या कामाचा नाही. नुसत्या सुताच्या बोबिनीने गिऱ्हाइकाचे अंग झाकत नाही. हिशेबाचा प्रोग्राम कोणी एका देशात लिहिलेला, छपाईचा दुसऱ्याने, अक्षरांचा तिसऱ्याने. हे सारे गोळा करून, एकमेकांशी जुळते करून आपल्या हाती देणाऱ्या व्यवस्थेला वितरण म्हणतात. डेबियन, फेडोरा, उबंटू ही वितरणांची नावे होत. यातील डेबियन इयन मरडॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी जाहीर केले. ते कोणा कंपनीच्या मालकीचे नाही. जगभरातील स्वयंसेवक ते चालवतात, आणि उबंटूही त्याच्याच पायावर उभे आहे. आमचा संगणक डेबियनवर चालतो, म्हणून पुढील उदाहरणे त्याचीच देतो.

वितरणात प्रत्येक प्रोग्राम पॅकेजच्या रूपात येतो. भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीहून माल येतो तेव्हा तागे मोकळे येत नाहीत. गठ्ठा बांधलेला असतो, वर नग व मापाची चिठ्ठी असते, सोबत बिल्टी असते. पॅकेजचेही तसेच. आत प्रोग्राम, वर चिठ्ठी : नाव काय, कितवी आवृत्ती, कोणी बांधला, आणि हा चालण्यासाठी दुसरे कोणते गठ्ठे लागतील. शेवटची नोंद फार महत्त्वाची. शेरवानी शिवायला कापडाबरोबर अस्तर, बक्रम, बटणे व दोरा लागतो; त्याचप्रमाणे हिशेबाच्या प्रोग्रामला अक्षरे दाखवणारा, फाइल दाबून लहान करणारा, कुलूप लावणारा असे पाच-पंचवीस गठ्ठे लागतात. दुकानदाराने ते शोधायचे नसतात. वितरणाच्या वखारीतून ते आपोआप सोबत येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ च्या वखारीत सुमारे ७० हजार पॅकेजे आहेत.

वखारीतून आलेला माल वखारीचाच, याची खूण काय? वखार आपल्या मालाची यादी प्रसिद्ध करते, प्रत्येक नगाचे गणिती माप त्यात लिहिते आणि यादीवर आपली डिजिटल मोहोर उमटवते. आपला संगणक आधी मोहोर तपासतो, मग माप ताडून पाहतो. वाटेत कोणी एक धागा जरी बदलला तरी माप जुळत नाही आणि माल नाकारला जातो. येथे दोन आज्ञांचा घोटाळा पुष्कळांचा होतो. ‘एपीटी अपडेट’ म्हटले की फक्त नवी यादी येते. माल येत नाही. ‘एपीटी अपग्रेड’ म्हटल्यावर माल येतो. आमच्याकडील मुलाने दोन महिने पहिलीच आज्ञा दिली आणि आम्हाला सांगत राहिला की सगळे ताजे आहे!

आता राखणदाराकडे येऊ. प्रत्येक पॅकेजमागे एक निगराणीदार किंवा त्यांचा लहान गट असतो. प्रोग्राम लिहिणारा वेगळा, गठ्ठा बांधून त्याची काळजी घेणारा वेगळा. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की निगराणीदार ती पाहतो, वितरणाच्या नियमात बसवतो, तक्रारी ऐकतो, दोष निघाला तर दुरुस्त करतो. आपल्या वाचकांना हे समजायला अवघड नाही, कारण आपल्याकडे वक्फची रीत आहे. वक्फची विहीर कोणाच्या मालकीची नसते, पाणी सर्वांना मिळते. मुतवल्ली मालक नसतो, पण दोर तुटला, काठ ढासळला तर विचारणा त्यालाच होते. पॅकेजचा निगराणीदार हा असा मुतवल्ली आहे. एखाद्याला वेळ मिळेनासा झाला तर डेबियनमध्ये तो तसे जाहीर करतो आणि पॅकेज ‘अनाथ’ म्हणून यादीत लागते, म्हणजे दुसऱ्या कोणी ते हाती घ्यावे. मुतवल्लीविना राहिलेल्या वक्फचे काय होते हे आपल्या कोणत्याही गावात पाहायला मिळेल. निदान येथे तशी यादी तरी उघड्यावर लावतात.

निगराणीचे काम कसे चालते ते रफूगराच्या कामावरून चांगले समजते. डेबियनमध्ये नवा माल प्रथम ‘अस्थिर’ नावाच्या खोलीत येतो. काही दिवस गंभीर तक्रार आली नाही तर ‘चाचणी’च्या खोलीत जातो. साधारण दोन वर्षांनी चाचणीची खोली बंद करून, दोष काढून, ती ‘स्थिर’ म्हणून जाहीर करतात. स्थिर झाल्यावर सहसा नवी आवृत्ती आत घेत नाहीत. मग मधल्या काळात सुरक्षेचे भोक पडले तर? तर निगराणीदार मूळ लेखकाच्या नव्या आवृत्तीतून फक्त दुरुस्तीचे टाके काढतो आणि जुन्या कापडाला त्याच रंगाच्या धाग्याने रफू करतो. कापड तेच, माप तेच, भोक बुजलेले. म्हणून स्थिर आवृत्तीत प्रोग्रामचा आकडा जुना दिसतो आणि नवशिका म्हणतो, हे तर शिळे आहे. ते शिळे नसते. दुकानाला हेच हवे असते, कारण सकाळी शटर वर केल्यावर बिलाचा पडदा कालच्यासारखाच दिसला पाहिजे.

रफूगर चुकतो का? चुकतो. २००६ साली डेबियनमध्ये ‘ओपन एसएसएल’ या कुलूप बनवणाऱ्या पॅकेजमधील काही ओळी नेक इराद्याने काढल्या गेल्या, कारण दोष शोधणारे एक साधन त्या ओळींबद्दल कुरकुर करीत होते. त्या ओळींमुळे किल्ली बेभरवशाची, म्हणजे ओळखायला अशक्य बनत असे. ओळी गेल्या आणि एका जातीच्या व मापाच्या किल्ल्यांचे फक्त ३२,७६८ नमुने उरले. एवढ्या किल्ल्या संगणक थोड्या वेळात लावून पाहू शकतो. दोष १३ मे २००८ रोजी जाहीर झाला. तोवर दीड वर्षाहून जास्त काळ बनलेल्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या. डेबियनने हे लपवले नाही, सर्वांना सांगितले, कमकुवत किल्ल्या ओळखण्याचे साधनही दिले. कापडात दोष निघाला तर गिऱ्हाइकाला आधी सांगावे, ही आपल्या धंद्यातील शिकवण त्यांनी पाळली असे आम्ही म्हणू.

दुसरी घटना चुकीची नव्हे, दगाबाजीची आहे. ‘एक्सझेड’ नावाचे फाइल दाबून लहान करणारे एक छोटे पॅकेज आहे. ते बहुतेक प्रत्येक वितरणात असते. त्याची देखभाल लासे कॉलिन हे गृहस्थ वर्षानुवर्षे बिनपगारी, जवळजवळ एकटे करीत होते. २०२२ मध्ये त्यांनी आपली मानसिक प्रकृती बरी नसल्याचे उघडपणे लिहिले होते. त्याच सुमारास अनोळखी नावांनी त्यांच्यावर तगादा सुरू झाला की काम मंद आहे, दुसऱ्याला हाती द्या. आणि मदतीला तयार असलेला एक नम्र, कष्टाळू माणूस तेथे होताच. नाव ‘जिया टॅन’. खरा कोण, ते उघड झालेले नाही. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने चोख काम केले, विश्वास कमावला, किल्ल्या हाती आल्या. मग फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा बसवला.

यातील कसब व्यापाऱ्याने नीट पाहावे. सर्वांना दिसणाऱ्या वहीत, म्हणजे प्रोग्रामच्या उघड्या नोंदींत, दरवाजा उघडणारी ओळ नव्हती. ती फक्त बांधलेल्या गठ्ठ्यात होती. वही एक सांगते, गठ्ठ्यात दुसरेच. आणि वहीवर विश्वास ठेवून गठ्ठा सोडून पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याला आपल्या चाचणीच्या संगणकावर दूरून प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. अर्धा सेकंद! त्यांनी ते सोडून दिले नाही, मुळापर्यंत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला कळवले. तोवर तो माल डेबियनच्या अस्थिर व चाचणीच्या खोल्यांत पोहोचला होता. स्थिर खोलीत पोहोचला नव्हता. ज्यांच्या दुकानात स्थिर आवृत्ती होती त्यांना काही करावे लागले नाही.

आम्हाला या प्रकरणात दगाबाजापेक्षा त्या एकट्या माणसाचा विचार अधिक येतो. ज्याच्या टाक्यावर जगभरातील संगणक उभे होते, त्याची विचारपूस करायला कोणी नव्हते. आले ते तगादेवाले. आपण सारे त्या मालाचे वापरकर्ते, आणि आपल्यातील एकानेही त्याचे नाव ऐकले नव्हते.

आपल्या भाषेपुरते पाहिले तर निगराणीचे एक चांगले उदाहरण पुण्याचे आहे. ‘लोहित’ ही अक्षरमाला पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने बनवली, आणि रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ती मुक्त परवान्याखाली सर्वांना दिली. पुढे २०११ मध्ये परवाना आणखी सोयीचा केला. फेडोरात मराठीसाठी लोहितचे वेगळे पॅकेजही बांधले गेले. छापील मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो, हे बिल छापून पाहणाऱ्याला लगेच दिसते. आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. वडिलांच्या काळची उधारीची वही उर्दूत आहे. तिची नावे संगणकात घेताना नस्तालीक अक्षरांसाठी ‘नोटो नस्तालीक उर्दू’ वखारीतूनच मिळाली. बाहेरून काही आणावे लागले नाही.

बाहेरून आणण्यावरून आमचीच फजिती सांगतो. मागे एकदा पावती छापणाऱ्या प्रिंटरसाठी एका दुकानदाराकडून वखारीबाहेरची फाइल आणून बसवली. प्रिंटर चालला, आम्ही खूश. पुढे रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन गर्दीत, डेबियनची पुढची आवृत्ती चढवण्याची घाई केली. ती बाहेरची फाइल जुन्या आवृत्तीच्या मापाने शिवलेली; नव्या अंगाला बसेना. प्रिंटर गप्प झाला आणि ईदपर्यंत बिले हाताने लिहिली. दोष वितरणाचा नव्हता. मोहोर नसलेला माल आम्हीच घरात घेतला होता आणि वेळही आम्हीच चुकीची निवडली होती.

त्यानंतर आमचा रिवाज ठरला. सुरक्षेची रफू करणारी अपडेट जुम्म्याला, नमाजसाठी दुकान बंद असते तेव्हा होते. त्याआधी हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर उतरवून घरी जाते. पूर्ण नवी आवृत्ती मात्र निघाल्यावर काही महिने थांबून, मंदीच्या दिवसांत, आणि आधी दुसऱ्या जुन्या संगणकावर चढवून पाहतो. वखारीबाहेरचे काही असेल तर त्याची यादी भिंतीवर लावलेली असते. ज्यांना आज्ञा द्यायला जमत नाही त्यांनी ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ नावाचे पॅकेज बसवून घ्यावे. सुरक्षेची कामे ते आपोआप करते.

वखारीची एक प्रत हाताशी असावी, हे आमच्या गावाने शिकवले. अंतरवाली सराटीचे नाव २०२३ च्या उपोषणापासून महाराष्ट्राला ठाऊक आहे. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना जिल्ह्यात इंटरनेट काही काळ बंद झाले. फोनवरचे पैसे थांबले, ई-वे बिल थांबले; नवे पॅकेज आणणेही अशा वेळी शक्य नसते. डेबियनच्या डीव्हीडीची प्रत पेन ड्राइव्हवर असेल तर लागणारी बरीच पॅकेजे त्यातून मिळतात आणि संगणक नव्याने उभा करता येतो. शिवाय उतरवलेले गठ्ठे संगणक आपल्या एका कप्प्यात ठेवू शकतो; दुकानात दोन संगणक असतील तर एकाचा कप्पा दुसऱ्याला उपयोगी पडतो.

बदल करण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजसाठी बनलेला आहे, लिनक्सवर थेट चालत नाही. ज्याचा सारा हिशेब त्यात आहे त्याने आपल्या चार्टर्ड अकाउंटंटशी बोलल्याशिवाय हलू नये. आम्ही ‘ग्नूकॅश’ व ‘लिब्रेऑफिस’वर भागवतो, जीएसटीचे काम ब्राउझरमधून होते. दुसरी गोष्ट यंत्राची. संगणक ३२ बिटांचा की ६४ बिटांचा हे माहितगाराकडून तपासा. डेबियन १३ पासून ३२ बिटांच्या जुन्या पीसीवर नवी प्रणाली बसवण्याची सोय काढून टाकली आहे. आपले यंत्र ६४ बिटांचे असेल तर डेबियन १३ ची नेहमीची देखभाल २०२८ पर्यंत आणि त्यानंतरची दीर्घ मुदतीची २०३० पर्यंत चालेल, असे डेबियनने जाहीर केले आहे. ही वर्षे आम्ही खडूने संगणकाच्या डब्यावरच लिहून ठेवली आहेत.