निधीसाठी निघालेल्या सायकलस्वारांस

पावसाळा ओसरून रस्ते कोरडे झाले म्हणजे एखाद्या रुग्णालयासाठी, अंधशाळेसाठी किंवा कर्करोगाच्या गरीब रुग्णांच्या औषधपाण्यासाठी निधी उभारावा या सद्हेतूने पुण्याहून गोव्यापर्यंत सायकलने जाण्याचे बेत आखले जातात. आणि ज्यांनी आजवर खडकवासल्यापलीकडे सायकल नेलेली नाही असे पुष्कळ स्त्रीपुरुष, कार्य चांगले आहे एवढ्या एकाच बळावर, सुमारे ४५० किलोमीटरचा पल्ला तीनचार दिवसांत गाठण्याची कबुली देऊन बसतात. या मंडळींविषयी मला नितांत आदर वाटतो, आणि त्या आदरापोटीच हा मजकूर लिहीत आहे. हौसेखातर निघालेला सायकलस्वार अंगात त्राण उरले नाही की थांबतो. परंतु ज्याने परिचितांकडून देणग्या घेतल्या आहेत त्याला आपण थांबलो तर त्या सर्वांशी बेइमानी होईल असे वाटते, आणि शरीराने केलेली प्रत्येक तक्रार तो दडपून टाकतो. वैद्याच्या दृष्टीने घाट आणि ऊन यांच्यापेक्षाही ही समजूत अधिक घातक आहे.

कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा दाखला येथे देण्याजोगा आहे. कर्करोगामुळे उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागलेला हा मुलगा १९८० च्या एप्रिल महिन्यात, कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी गोळा करीत, कृत्रिम पायावर सारा देश धावून ओलांडण्याच्या इराद्याने निघाला. १४३ दिवस धावून ५,३७३ किलोमीटर अंतर तोडल्यावर, रोग फुप्फुसांत पसरल्यामुळे, थंडर बे शहरानजीक त्याला थांबावे लागले. देशाचे दुसरे टोक त्याला गाठता आले नाही. तरीही पुढच्या फेब्रुवारीपर्यंत जमलेली रक्कम २ कोटी ४० लक्ष डॉलरांच्या वर गेली होती, म्हणजे त्या देशातील माणशी एक डॉलर. देणगीदार रुग्णासाठी देतो. आपण किती किलोमीटर गेलो याचा हिशेब तो मागत नाही.

आता शरीराकडे वळू. पहिल्या दिवशी कात्रज आणि खंबाटकी हे दोन चढ ओलांडताना नवखा स्वार जाणत्यांच्या वेगाशी वेग मिळवू पाहतो आणि यकृतात व स्नायूंत साठवलेली शर्करा, जी धडधाकट माणसाच्या अंगात सामान्यतः ४०० ते ५०० ग्रॅमच असते, दोनतीन तासांत संपवून बसतो. मग पाय एकाएकी निर्जीव होतात, हात कापू लागतात, विनाकारण चिडचिड होते आणि रडू येते. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, इंधन सरले आहे. भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या तासापासूनच दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात जाईल अशी तजवीज ठेवावी. दोन मध्यम केळ्यांत सुमारे ५० ग्रॅम मिळतात, आणि राजगिऱ्याचे लाडू, खजूर व चिक्की खिशात सहज राहतात. हमरस्त्यावरच्या तर्रीदार मिसळीचा मोह मात्र मुक्कामापर्यंत आवरावा, कारण तेलकट अन्न जठरातून फार सावकाश पुढे सरकते.

पाण्याविषयी अधिक विस्ताराने लिहिणे अगत्याचे आहे. पाणी कमी पडल्याने काय होते हे सर्वांस ठाऊक असते. परंतु भीतीपोटी दर थांब्यावर बाटलीच्या बाटली रिचवणाऱ्या, सावकाश चालणाऱ्या आणि म्हणून दिवसभर रस्त्यावर राहणाऱ्या स्वाराच्या रक्तातील सोडियमचे प्रमाण लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली उतरते, मेंदूला सूज येते आणि डोकेदुखी, उलटी, भ्रम, झटके या क्रमाने प्रसंग जिवावर बेतू शकतो. अशा माणसाला थकवा आला असे समजून लोक आणखी पाणी पाजतात, आणि तेच त्याच्या मुळावर येते. तहान लागेल तसे प्यावे. सायंकाळचे वजन सकाळच्या वजनापेक्षा अधिक भरले तर पाणी अतिरिक्त झाले असे खुशाल समजावे. तासन्‌तास घाम गाळायचा असेल तर जलसंजीवनी उत्तम: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच जातीच्या साध्या द्रावणाने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले, ही गोष्ट प्रत्येक भारतीयाने अभिमानाने स्मरावी. तथापि मीठ घातले म्हणून हवे तितके प्यायला मुभा मिळत नाही.

कराड ते कोल्हापूर या सपाट पट्ट्यात दुपारच्या उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल सावरेनासा झाला आणि अंग तापले, तर घाम येत असला तरी तो उष्माघातच समजावा. गाडी येईपर्यंत थांबू नये. त्याला सावलीत घेऊन सर्वांगावर थंड पाणी ओतावे व वारा घालावा, कारण पहिल्या अर्ध्या तासातील उपचारावरच पुष्कळ काही अवलंबून असते.

सर्वांत कळकळीची ताकीद वेदनाशामक गोळ्यांविषयी. गुडघा दुखतो म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊन पुढे रेटण्याचा जो शिरस्ता पडला आहे तो सर्वस्वी त्याज्य होय. घामाने रक्ताचे आकारमान घटलेले असताना या गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखत असेल तर बहुधा सीट खाली असते किंवा गिअर जड असतो. पायडल तळाशी असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच असावी. करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर हाताची पकड वारंवार बदलावी. आजऱ्यापुढे आंबोलीचा लांबलचक उतार आहे, आणि तेथे ब्रेक दाबायला बोटांत जोर शिल्लक हवा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि ज्यांच्या घराण्यात अकाली हृदयविकार आहे त्यांनी, निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीवर दाब आला किंवा घेरी आली तर त्या क्षणी उतरावे व रुग्णालय गाठावे.

संयोजकांनाही एक विनंती आहे. स्वारांच्या मागून रिकामी गाडी चालवणे हा बंदोबस्ताचा आवश्यक भाग आहे, परंतु तिच्यात बसणाऱ्याच्या प्रशस्तिपत्रावर ‘अपूर्ण’ असा शेरा मारला गेला तर त्या गाडीत वेळेवर कोणी बसणार नाही. हा शेरा बंद करावा.

गोव्यात पोहोचल्यावर पुढचे दोनतीन दिवस लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवावे. मांड्या कमालीच्या दुखत असून लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होत असेल, तर स्नायूंचा नाश होऊन त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडात साचत असण्याचा संभव असतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालयात जावे, आणि किती तास सायकल चालवली व वाटेत कोणकोणत्या गोळ्या घेतल्या हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.