हौस जपा, पण मागची सीट पाहून

आई-बाबांनो,

लेकरू झालं की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता कसली हौस, आता मोठी गाडी बघा." ज्यांना मनापासून गाडी चालवायला आवडतं, त्यांना हे वाक्य लागतं. सोलापुरात होटगी रोडवर एखादी छोटी, बुटकी, चपळ गाडी शेजारून गेली की नजर तिच्यामागे जाते आणि लगेच मनात येतं, आपण आता आई-बाप आहोत, असं वाटणं बरं नव्हे. तुमच्याशी बोलायचंय ते यावरच. ही आवड वाईट नाही. मूल झालं म्हणून माणसाची आवड संपत नाही, संपूही नये. प्रश्न इतकाच की तुमच्या हौसेत लेकराची जागा नीट बसते का. त्याचं उत्तर गाडीच्या पुढून मिळत नाही, मागचं दार उघडून पाहावं लागतं.

अगदी खरी स्पोर्ट्स कार बहुधा दोनच सीटची असते. आपल्याकडेही अशा गाड्या झाल्या. गोव्यात सॅन स्टॉर्म बनली, कार डिझायनर दिलीप छाब्रियांची अवंती २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत लोकांनी पाहिली. अशा गाडीत मूल बसणार ते पुढेच, एअरबॅगसमोर. तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून लावतात, आणि सुरू असलेल्या एअरबॅगसमोर ती कधीही लावायची नसते. एअरबॅग इतक्या जोरात उघडते की बाळाच्या जिवावर बेतू शकतं. ती बंद करायची सोय नसेल, तर त्या गाडीत तुमच्या बाळासाठी जागाच नाही. म्हणून घरातली एकुलती एक गाडी दोन सीटची नको. दुसरी गाडी म्हणून, मुलं मोठी झाल्यावर घेतलीत, तर गोष्ट वेगळी.

"आम्ही मांडीवर घेतो की," असं अनेक घरांत म्हणतात. माया खरी असते, पण इथे हातांचा जोर पुरत नाही. ताशी पन्नासच्या वेगातली गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर दहा किलोचं बाळ त्या क्षणी सुमारे दोनशे किलोच्या ओझ्याएवढं पुढे खेचलं जातं. कुठल्याच आईच्या हातांना ते पेलणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही हे आलंय. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटमध्ये बांधलेलं नसेल, तर एक हजार रुपये दंड. बाळ किमान पंधरा महिन्यांचं होईपर्यंत त्याची सीट मागे तोंड करूनच ठेवा, जमेल तितकं जास्त दिवस ठेवा. पुढे मोठ्यांचा पट्टा खांद्यावर नीट बसायला उंची साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर व्हावी लागते. तोवर मुलांच्या सीटची गरज संपत नाही.

आता मधला मार्ग. दिसायला-चालवायला स्पोर्टी, पण मागे माणसं बसतील अशा छोट्या गाड्या बाजारात आहेत. तीन दरवाज्यांच्या मिनी कूपरला मागे दोन सीट मिळतात, पण डिकी सुमारे २१० लिटरची. बाबागाडी, डायपरची पिशवी, आजीची पिशवी हे सगळं त्यात घालून बघा. शिवाय मागे जायला पुढची सीट ओढावी लागते आणि झोपलेल्या लेकराला वाकून आत ठेवावं लागतं. ते रोज करणाऱ्याची पाठ काय म्हणेल, हेही विचारा. २०२४ मध्ये आलेल्या टाटा अल्ट्रोझ रेसरसारख्या गाडीत १२० पीएसचं टर्बो इंजिन आहे आणि चार दारंही. अल्ट्रोझची डिकी ३४५ लिटरची. ज्यांना वेगाचा आनंद हवा आणि घरही सांभाळायचंय, त्यांनी अशाच गाड्यांपासून बघायला सुरुवात करावी.

सुरक्षेचे तारे बघताना एक गोष्ट विसरू नका. मोठ्यांचे तारे वेगळे, मुलांचे वेगळे. याच अल्ट्रोझला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले, मुलांसाठी तीन. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप सुरू आहे, तिथेही मुलांचे गुण वेगळे देतात. शोरूममध्ये "फाइव्ह स्टार आहे" असं सांगितलं, तर लगेच विचारा, मुलांसाठी किती? मागच्या सीटला लेकराची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे आकडे आहेत का? ते शोधून त्यात स्वतः सीट अडकवून बघा.

मग आपलं सोलापूर. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा उन्हात उभ्या गाडीत पट्ट्याचं धातूचं बक्कल लेकराच्या मांडीला चटका देतं आणि बंद गाडी बघता बघता तापते. छप्पर उघडणारी गाडी आपल्या उन्हाळ्यात लहान मुलासाठी बरी नाही. रस्त्यांचं म्हणाल, तर नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधकच दहा सेंटीमीटर उंच असतो, गल्लीत लोकांनी घातलेले त्याहून चढे. बुटक्या गाडीत घरचे सगळे बसले की ती आणखी खाली येते आणि पोट घासतं. शिवाय आपल्याकडे गाडी फक्त आई-बाबा आणि मुलांची नसते. अक्कलकोटला, तुळजापूरला जाताना आजी-आजोबा बरोबर असतात. दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांना त्या खोल सीटवरून उठता येईल का? आणि गाडीची सर्व्हिस सोलापुरात होते की त्यासाठी अडीचशे किलोमीटरवरचं पुणं गाठावं लागतं, हे पैसे भरण्याआधी विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर कायद्यानं पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण त्या दोन घरांचं जे गेलं, ते कुठल्याच शिक्षेनं परत येत नाही. दोष एकट्या वेगवान गाडीचा नसतो. वेगाशी कसं वागायचं, हे मूल मागच्या सीटवर बसून वर्षानुवर्षं आपल्याकडून शिकत असतं. तुम्ही सिग्नलला थांबता का, मोकळा हायवे दिसला की काटा कुठे नेता, मागे बसूनही पट्टा लावता का, हे सगळं ते बघतं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळच्या अपघातात जीव गेलेल्या उद्योगपती सायरस मिस्त्रींनी मागे बसून पट्टा लावलेला नव्हता, हे त्याला वयाप्रमाणे समजावून सांगा. तुमच्या गाडीची ताकद जितकी जास्त, तितकी ही जबाबदारी मोठी.

तेव्हा टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. लेकराची सीट, लेकरू आणि आजी-आजोबा यांना घेऊन जा. शहरातली गर्दी, गल्लीतले गतिरोधक, तुळजापूरचा घाट, सगळीकडे चालवून बघा. सगळे नीट बसले, पट्टे लागले, गाडी घासली नाही आणि महिन्याचा हप्ता भरताना मुलांच्या शिक्षणाच्या पैशांना हात लागत नसेल, तर खुशाल घ्या, मनात अपराधीपणा ठेवू नका. यातली एखादी गोष्ट अडली, तर पाच-सहा वर्षं थांबा. लेकरं भराभर वाढतात, आणि तुमची हौस तेवढा काळ नक्की वाट बघेल.